वाचनालयाचं गोठलेलं खातं आणि केवायसीचे 190 दिवस

आमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयाचं बँक खातं 10 सप्टेंबर 2024 ला बंद पडलं आणि 19 मार्च 2025 ला चालू झालं. मधले सहा महिने मी जे काही केलं, जिथं चुकले, जे उशिरा कळलं, ते सगळं लिहून ठेवतेय. कारण त्या काळात मी बऱ्याच ठिकाणी शोधलं, पण छोट्या संस्थेच्या खजिनदाराला उपयोगी पडेल असं मराठीत काही सापडेना. जे होतं ते एकतर कायद्याच्या भाषेत, नाहीतर मोठ्या एनजीओंसाठी.

मी झेडपीच्या शाळेत शिक्षिका आहे, गाव कृष्णाकाठचं. वाचनालय 1962 चं. आधीचे खजिनदार काका वारले म्हणून जून 2024 मध्ये हे काम माझ्याकडे आलं. हातात काय मिळालं तर एक चेकबुक, कॅशबुक, पावतीपुस्तकं आणि लाल कापडात बांधलेलं एक बाड. बाड मी सोडून बघितलं नाही, ही माझी पहिली चूक.

गौरी आवाहनाच्या दिवशी ग्रंथपाल ताईंचा फोन आला, मॅडम ऑगस्टच्या पगाराचा चेक परत आलाय. मला वाटलं सही जुळली नसेल. सणाची गडबड, पाहुणे, म्हणून दोन दिवस गेले आणि शुक्रवारी 13 तारखेला शाळा सुटल्यावर शाखेत गेले. काउंटरवर सांगितलं, खात्यात पैसे आहेत, अनुदान आलं तर तेही जमा होईल, पण काढता येणार नाही, केवायसी, म्हणजे खातेदार कोण हे दाखवणारे कागद, राहिली म्हणून डेबिट फ्रीज आहे. मी म्हटलं आम्हाला कळवलं का नाही, तर म्हणे तीन पत्रं गेलीत. गेली होती खरी, पण पत्ता होता वारलेल्या काकांच्या घरचा. काकू मुलाकडे पुण्याला राहायला गेल्यात, घर बंद. नंतर काकूंच्या परवानगीने कुलूप उघडलं तर दाराच्या फटीतून आत पडलेली ती तीनही पत्रं धुळीत तशीच होती. एकावर तारीख फेब्रुवारीची. ती हातात घेऊन मी तिथंच पायरीवर बसले, खूप वाईट वाटलं, कारण सहा महिने आधी कळलं असतं तर ताईंचा पगार अडलाच नसता.

म्हणून पहिलं सांगणं हेच की पदाधिकारी बदलला की बँकेतला पत्रव्यवहाराचा पत्ता आणि मोबाइल नंबर त्याच आठवड्यात बदला. संस्थेचा पत्ता म्हणजे वाचनालयाची इमारत असू दे, कुणाचं घर नको.

शाखेतल्या ऑफिसर मॅडमनी एक छापील यादी दिली. नोंदणी प्रमाणपत्र, घटना आणि नियमावली, धर्मादाय कार्यालयाकडचं चालू परिशिष्ट एक (संस्थेच्या विश्वस्तांची सरकारी नोंद), कार्यकारिणीचा ठराव, संस्थेचं पॅन, सगळ्या 11 सदस्यांचं पॅन आणि आधार, फोटो, मागच्या वर्षीचा ऑडिट रिपोर्ट, दर्पण पोर्टलचा नंबर आणि ‘बेनिफिशियल ओनर’चा फॉर्म. शेवटच्या दोन गोष्टी मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होते. मॅडम चांगल्या होत्या, माझा चेहरा बघून म्हणाल्या, बाई घाबरू नका, हे सगळ्याच संस्थांना आहे, मनी लाँडरिंगच्या कायद्यात बदल झालेत.

आता वाचनालयाचा आणि मनी लाँडरिंगचा, म्हणजे काळा पैसा पांढरा करण्याचा, काय संबंध हे मला ना त्या दिवशी कळलं ना पुढचा महिनाभर. आमचं वर्षाचं सगळं उत्पन्न म्हणजे सरकारी अनुदान दोन हप्त्यांत, वर्गणी आणि दसऱ्याला गोळा होणारी थोडी देणगी. मला तर अपमानच वाटला, की साठ वर्षं गावाला पुस्तकं देणाऱ्या संस्थेला कुणी काळ्या पैशाबद्दल विचारतंय. हा राग पुढे कमी झाला, का ते सांगते.

घरी येऊन लाल बाड उघडलं. ऑगस्ट 2019 च्या पुरात वाचनालयात साडेचार फूट पाणी होतं, खालच्या दोन फळ्यांवरची पुस्तकं गेली हे माहीत होतं, पण कागदपत्रांचं कपाटही त्याच पाण्यात होतं हे माझ्या ध्यानातच नव्हतं. नोंदणी प्रमाणपत्राचा शिक्का पसरून निळा डाग झालेला, नंबर वाचता येत नव्हता. प्रोसीडिंग बुकची तर वेगळीच गत. आमचे अध्यक्ष अण्णा, वय 81, ते आधी सचिव होते तेव्हा सगळी इतिवृत्तं शाईपेनने लिहायचे, सुंदर वळणदार अक्षर. ती पानं नुसती फिकट निळी झालेली, एक ओळ लागत नव्हती. त्याच पानांच्या खाली सदस्यांनी बॉलपेनने केलेल्या सह्या मात्र जशाच्या तशा. म्हणजे सभेला कोण कोण होतं ते दिसतंय पण ठराव काय झाला ते गेलं. अण्णांना दाखवलं तर ते त्या पानावरून बराच वेळ हात फिरवत राहिले.

पण खरा घोळ पुराचा नव्हता, आमचाच होता. आपल्याकडे संस्थेची कार्यकारिणी बदलली की महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम 1950 च्या कलम 22 खाली 90 दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो, ज्याला सगळे चेंज रिपोर्ट म्हणतात. तो मंजूर झाला की मगच परिशिष्टावर नवी नावं चढतात. आमच्या घटनेत पाच वर्षांनी निवडणूक आहे आणि 2013, 2018, 2023 अशा तिन्ही निवडणुका नीट झाल्या, सभा झाल्या, पेढे वाटले, पण चेंज रिपोर्ट एकाही वेळी गेला नाही. त्यामुळे सरकारदरबारी आमची कार्यकारिणी अजून 2008 चीच! त्या 11 जणांतले पाच जण आता हयात नाहीत. बँकेने परिशिष्ट बघितलं असतं तर या वाचनालयाचे निम्मे विश्वस्त मयत, आणि चेकवर सही करणारी मी तर त्यात कुठेच नाही. मग मला वाटलं, बँकेच्या जागी मी असते तर मीही थांबवलं असतं.

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आमच्या सीए साहेबांकडे गेले. ते आमचं ऑडिट नाममात्र फीमध्ये करतात. त्यांनी जे समजावलं ते इथं माझ्या शब्दात लिहिते. मनी लाँडरिंगचा कायदा, पीएमएलए, 2002 चा, लागू झाला 1 जुलै 2005 ला. त्याच्या नियमांमध्ये मार्च 2023 मध्ये मोठे बदल झाले. आधी एखाद्या कंपनीत 25 टक्क्यांपेक्षा जास्त वाटा असणारा माणूस, म्हणजेच बेनिफिशियल ओनर, बँकेला शोधावा लागायचा, ती मर्यादा 10 टक्क्यांवर आली. आणि त्याच बदलात हेही आलं की ना-नफा संस्था जर बँकेची ग्राहक असेल तर तिची नोंद नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवर असली पाहिजे, नसेल तर बँकेने ती करून घ्यायची. ही जबाबदारी कायद्याने बँकेवर आहे, पण प्रत्यक्षात बँक आपल्याला सांगते की तुम्ही नंबर घेऊन या.

मी विचारलं, पण संस्थाच का? तेव्हा ते म्हणाले, बाई, तुमचं सोडा, पण चेकने देणगी घ्यायची, कमिशन कापून बाकीची रोख परत करायची आणि देणाऱ्याने करात सूट घ्यायची, असे धंदे करणाऱ्या संस्था आहेत की नाहीत? कागदावर विश्वस्त म्हणून ड्रायव्हर नाहीतर स्वयंपाकी, आणि पैसा तिसऱ्याचाच. हे ऐकल्यावर माझा राग निम्मा उतरला. पैशामागे जिवंत माणूस कोण आहे एवढंच बँक विचारतेय, आणि आम्हाला ते कागदावर दाखवता येत नव्हतं. अजून एक त्यांनी सांगितलं जे बऱ्याच खजिनदारांना माहीत नसतं. ना-नफा संस्थेच्या खात्यात 10 लाखांपेक्षा जास्त रक्कम जमा झाली, मग ती चेकने का असेना, तरी बँक त्याची माहिती दिल्लीच्या फायनान्शियल इंटेलिजन्स युनिटला, म्हणजे अशा व्यवहारांवर नजर ठेवणाऱ्या सरकारी कार्यालयाला देते, पुढच्या महिन्याच्या 15 तारखेच्या आत. त्यात संशय वगैरे काही नसतो, तो नियमच आहे. आम्हाला 2023 मध्ये वरच्या मजल्यासाठी एका कुटुंबाने 12 लाखांचा चेक दिला होता, म्हणजे त्याचीही गेलीच असणार. तेव्हा मोठी देणगी घेताना देणाऱ्याचं पत्र, पॅन, पावती, ठराव हे चार कागद एका जागी लावून ठेवा, उद्या कुणी विचारलं तर पाच मिनिटांत दाखवता आले पाहिजेत.

मी साहेबांना विनंती केली की तुम्हीच आमच्या वतीने बँकेचं सगळं बघा ना, हवं तर सहीचे अधिकार घ्या. त्यांनी हात जोडले. म्हणाले 3 मे 2023 च्या अधिसूचनेपासून सीए, कंपनी सेक्रेटरी आणि कॉस्ट अकाउंटंट हेही या कायद्यात आलेत. ऑडिट केलं, रिटर्न भरलं, तर नाही. पण क्लायंटच्या वतीने बँक खातं चालवलं, पैसे सांभाळले, जागेची खरेदी-विक्री केली, कंपनी किंवा ट्रस्ट काढून चालवून दिला, तर मग बँकेसारखीच जबाबदारी त्यांच्यावर, म्हणजे क्लायंटची केवायसी करायची, पाच वर्षं रेकॉर्ड ठेवायचं, संशयास्पद वाटलं तर कळवायचं आणि कळवलंय हे क्लायंटला सांगायचं नाही. वकील मात्र त्या यादीत नाहीत, हे मला विचित्र वाटलं, कारण गावाकडे जागेचे निम्मे व्यवहार वकीलच जमवतात. पण साहेबांचं म्हणणं मला पटलं. आपलं खातं आपणच सांभाळायचं.

आता मूळ काम. वकील गाठले, तिन्ही चेंज रिपोर्ट एकत्र दाखल करायचे ठरले, सोबत प्रत्येकाला उशीर माफीचा अर्ज. उशीर झाला तरी अर्ज घेता येतो, कायद्यात 2017 च्या दुरुस्तीने ती सोय झालीय, तेव्हा ‘आता खूप वर्षं झाली, काही उपयोग नाही’ असं म्हणून बसू नका. फी ठरली 12,000. खातं बंद असल्यामुळे ती द्यायची कशातून हा प्रश्न. मी म्हटलं माझे घालते, नंतर संस्था परत देईल. सीए साहेबांनी फोनवर तिथंच थांबवलं. संस्थेसाठी विश्वस्ताने कर्ज घ्यायला कलम 36ए खाली धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते, कॅशबुकात ‘उसने’ असा शब्द पडला की नवीन झंझट. शेवटी आम्ही सात जणांनी देणगी म्हणून पैसे दिले, पावत्या फाडल्या. ग्रंथपाल ताईंना दर महिन्याला जे काही थोडं दिलं ते मी आणि अण्णांनी वैयक्तिक दिलं, संस्थेच्या हिशोबात आणलं नाही. त्यांचा पगार 7,000 रुपये. त्या सहा महिन्यांत एक दिवस त्यांनी वाचनालय बंद ठेवलं नाही, पेपरवाल्यानेही पेपर थांबवले नाहीत.

बाडातला तो निळा डाग झालेला कागद चालणार नव्हता म्हणून नोंदणी प्रमाणपत्राच्या नकलेचा अर्ज 30 सप्टेंबरला दिला. अर्जात नोंदणी नंबर लागतो, तो आम्हाला जुन्या ऑडिट रिपोर्टच्या कोपऱ्यात सापडला, ‘एफ’ अक्षराने सुरू होणारा. संस्था म्हणून नोंद झालेल्यांचा नंबर एफने सुरू होतो, धर्मादाय ट्रस्टचा ई ने. आपला नंबर कुठेतरी भिंतीवर लिहून ठेवा, खरंच सांगते. नक्कल तीन आठवड्यांत मिळाली. जिल्ह्याच्या ठिकाणी एकूण 14 फेऱ्या झाल्या, एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे त्याचा फार आधार वाटला.

धर्मादाय कार्यालयात गर्दी असते, पण माझा वेळ गेला तो आमचे कागद अपुरे होते म्हणून. प्रत्येक चेंज रिपोर्टला सभेची नोटीस, अजेंडा, इतिवृत्ताची प्रत, नवीन सदस्यांची संमतीपत्रं, मयतांचे मृत्यू दाखले आणि प्रतिज्ञापत्र लागतं. 2013 च्या सभेचा ठराव पुरात धुतलेला. वकिलांनी मार्ग सांगितला की त्या सभेला हजर असलेल्या हयात लोकांची प्रतिज्ञापत्रं द्या आणि मूळ पानही दाखवा. सह्या बॉलपेनच्या असल्यामुळे वाचल्या होत्या, त्यावरून सात जण शोधले. त्यातले एक पोपटराव नाना, मुलीकडे मुंबईला असतात, दिवाळीला गावी आले तेव्हा लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी त्यांना तालुक्याला नोटरीकडे नेलं. ते म्हणाले बाई, त्या सभेत मीच अण्णांचं नाव सुचवलं होतं, मला सगळं आठवतंय. त्यांनी सगळं आठवून सांगितलं, अगदी चहा कुणी केला होता ते.

मग आचारसंहिता, 20 नोव्हेंबरचं मतदान, मलाही इलेक्शन ड्युटी, त्यामुळे चेंज रिपोर्टची तारीख डिसेंबरमध्ये लागली. दरम्यान दर्पणचं काम हाती घेतलं. नोंदणी फुकट आहे, कुणी एजंट पैसे मागत असेल तर देऊ नका. संस्थेचं पॅन आणि किमान तीन पदाधिकाऱ्यांचं पॅन आणि आधार लागतं. आमचं अडलं ते नावावर. प्रमाणपत्र मराठीत, त्यावर ‘वाचनालय’. पॅनवर इंग्रजी स्पेलिंगमध्ये शेवटी एक ‘ए’ जास्त, म्हणजे वाचलं तर ‘वाचनालया’. बँकेत तिसरंच स्पेलिंग, मधला ‘ए’ गायब. आपल्याला तिन्ही एकच वाटतात, कॉम्प्युटरला ती तीन वेगळ्या संस्था वाटतात. आधी आम्ही ठराव केला की इंग्रजीत नाव अमुक अक्षरांनीच लिहायचं, मग पॅन दुरुस्तीचा अर्ज केला, 107 रुपये लागले, कार्ड 19 दिवसांनी आलं. अण्णांच्या आधारला मोबाइल जोडलेला नव्हता, तो 50 रुपयांत आधार केंद्रावर जोडला, पण त्यांचे बोटांचे ठसे उमटेनात, चार वेळा प्रयत्न केला, शेवटी डोळ्यावरून झालं. इतकं सगळं झाल्यावर दर्पणचा नंबर डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात हातात आला. एमएच, मग वर्ष, मग सात आकडे. मी तो घरच्या कॅलेंडरवर लिहिला.

मध्येच एक गोड वाटणारं संकट आलं. माझा एक जुना विद्यार्थी न्यू जर्सीला असतो, त्याला खातं बंद असल्याचं कळलं आणि त्याने एक लाख रुपये पाठवतो म्हणून सांगितलं. मला इतका आनंद झाला की मी त्याला नवीन खातं उघडल्यावर नंबर देते असंही म्हटलं. नशीब, आधी सीए साहेबांना विचारलं. त्यांचा पहिला प्रश्न, पासपोर्ट कुठला? भारतीय पासपोर्ट असलेल्या एनआरआयने आपल्या बचतीतून दिलेली देणगी चालते. हा मात्र अमेरिकन नागरिक झालाय, त्याचा पैसा परदेशी योगदान धरला जातो आणि परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, म्हणजे एफसीआरए, नोंदणी नसलेल्या संस्थेला तो एक रुपयाही घेता येत नाही. नोंदणी असली तरी तो स्टेट बँकेच्या नवी दिल्लीच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यावा लागतो. मुलगा म्हणाला मग आईच्या खात्यात टाकतो, ती देईल. मनाने चांगलंच होतं त्याच्या, पण पैसा एकाच्या नावावरून फिरवून दुसऱ्याकडे नेणं हेच तर हा कायदा शोधत असतो. मी त्याला समजावून नाही म्हटलं, वाईट वाटलं, पण नाही म्हटलं.

17 जानेवारी 2025 ला तिन्ही बदल तात्पुरते मंजूर झाले. मग 30 दिवसांची हरकतीची नोटीस असते, कुणी हरकत घेतली नाही तर तोच आदेश कायम होतो. तो महिना मला सगळ्यात जड गेला. गावात राजकारण असतंच, कुणीतरी एक कागद टाकला की संपलं. कुणी टाकला नाही. 25 फेब्रुवारीला कायम झालं आणि 6 मार्चला नवीन परिशिष्ट एकची प्रमाणित प्रत मिळाली. त्यावर 11 जणांत माझं नाव बघितलं, साधी टाइप केलेली ओळ, पण मी ती दोनदा वाचली.

7 मार्चला सगळी फाईल घेऊन बँकेत गेलो, अण्णाही आले. राहिला होता बेनिफिशियल ओनरचा फॉर्म. मराठी तर्जुम्यात तिथं शब्द होता ‘लाभार्थी मालक’. अण्णांनी चष्मा काढला आणि पेन खाली ठेवलं. म्हणाले, बाई, मी सही करणार नाही. हे वाचनालय गावाचं आहे, मी मालक म्हणून सही केली तर वर गेल्यावर बापूंना काय तोंड दाखवू. बापू म्हणजे ज्यांनी स्वतःच्या घरातलं कपाट देऊन 1962 मध्ये हे सुरू केलं ते. ऑफिसर मॅडमनी काम बाजूला ठेवून त्यांना समजावलं, की कंपनीत वाटा असतो तसा इथं कुणाचाच नाही, म्हणून नियम म्हणतो की जो सर्वांत वरचा जबाबदार माणूस आहे त्याचं नाव लिहा, म्हणजे पैशाचा निर्णय शेवटी कोण घेतं एवढंच. अण्णांनी सही केली, पण ‘मालक’ शब्दावर एक रेघ मारून वर ‘विश्वस्त’ लिहिलं.

झालं, फाईल वरच्या ऑफिसमधून परत आली, फॉर्मवर खाडाखोड आहे. दुसरा फॉर्म घेऊन मी त्यांच्या घरी गेले. या वेळी आम्ही एक वेगळं पत्र जोडलं, की अध्यक्ष हे विश्वस्त म्हणून सही करत आहेत, संस्थेच्या मालमत्तेत कुणाही सदस्याचा वैयक्तिक हिस्सा नाही. बँकेने ते पत्र ठेवून घेतलं. तुमच्याकडेही असा प्रश्न आला तर फॉर्मवर काही लिहू नका, वेगळं पत्र द्या.

19 मार्चला, रंगपंचमीच्या दिवशी दुपारी मेसेज आला, खातं चालू. त्याच मेसेजच्या मागे 14 आकडी सीकेवायसी (केंद्रीय केवायसी नोंदीचा) नंबर आला, तो जपून ठेवा, दुसऱ्या बँकेत किंवा कुठे खातं काढायचं झालं तर कामी येतो. दुसऱ्या दिवशी ताईंचा सात महिन्यांचा पगार, 49,000, एका चेकने दिला. त्यांनी तो घेताना आधी रजिस्टरमध्ये सही केली, मग चेकवरची रक्कम अक्षरात वाचली, मग माझ्याकडे बघितलं. आम्ही दोघी काहीच बोललो नाही.

हे सगळं झाल्यावर मी थोडं वाचलं. पॅरिसला फायनान्शियल अ‍ॅक्शन टास्क फोर्स म्हणून संस्था आहे, 1989 पासूनची, भारत 2010 पासून तिचा सदस्य. कोणत्या देशाचे मनी लाँडरिंगचे नियम कसे आहेत हे ती तपासते. भारताचा तपासणी अहवाल 19 सप्टेंबर 2024 ला आला, म्हणजे आमचं खातं गोठल्यानंतर नऊ दिवसांनी! एकंदर भारताला चांगले गुण मिळाले, 40 पैकी 37 शिफारशींवर. ज्या तीन ठिकाणी ‘अंशतः’ शेरा आला त्यातली एक राजकीय पदांवरच्या लोकांबद्दलची, एक सीए वगैरे व्यवसायांच्या देखरेखीची, आणि एक ना-नफा संस्थांची. आणि याच टास्क फोर्सने नोव्हेंबर 2023 मध्ये आपली ना-नफा संस्थांवरची शिफारस सुधारून स्पष्ट सांगितलंय की सगळ्या संस्थांना एकाच मापाने मोजू नका, जिथं धोका आहे तिथं बघा, बाकीच्यांच्या चांगल्या कामाला अडथळा आणू नका. हे वाचून मला इतकं बरं वाटलं. माझं मागणं एवढंच आहे. विचारा, जरूर विचारा, आमचे कागद अपुरे होते ती चूक आमची, पण वर्षाला दोन-अडीच लाखांत चालणाऱ्या वाचनालयाला आणि कोट्यवधींच्या देणग्या फिरवणाऱ्या संस्थेला एकच फॉर्म आणि एकच शिक्षा नको. पगारापुरते पैसे तरी काढू द्यायची सोय असावी, त्या बिचाऱ्या ग्रंथपालाने काय केलं होतं?

एक सुधारणा मात्र मनासारखी झाली. 12 जून 2025 ला रिझर्व्ह बँकेने केवायसीच्या सूचना बदलल्या, आता मुदतीआधी किमान तीन वेळा कळवायचं, त्यात एक तरी पत्र हवंच, आणि मुदत संपल्यावरही तीन स्मरणपत्रं. पण पत्र जाणार तुम्ही दिलेल्याच पत्त्यावर.

शेवटचं एक राहिलं. बँकांच्या नियमात जास्त जोखमीच्या ग्राहकाची केवायसी दर दोन वर्षांनी, मध्यमची आठ, कमीची दहा वर्षांनी असते. आम्हाला पुढची तारीख मिळालीय मार्च 2027, म्हणजे दोनच वर्षांनी. मी एप्रिलमध्ये अर्ज दिला की आमचं उत्पन्न, अनुदानाचे आदेश, ऑडिट बघून आमची वर्गवारी तपासावी. उत्तर आलं की ग्राहकाची वर्गवारी कोणती आणि का, हे ग्राहकाला सांगता येत नाही. तसा नियमच आहे म्हणे. ऑगस्टमध्ये दुसरा अर्ज दिलाय, या वेळी वर्गवारी विचारली नाही, फक्त तारीख बदलून मागितलीय. त्याची पोच फाईलला लावलीय, परिशिष्टाच्या मागे, प्लास्टिकच्या पाकिटात. आणि कपाट आता वरच्या मजल्यावर नेलंय.